आतल्या बाजूचा ठसा

ठसेवाल्या बाईंच्या हातातून ब्रश निसटताना खात्यात कधी कुणी पाहिला नव्हता. पोलिसांच्या ठसे विभागात चौदा वर्षं काढलेली बाई! पण त्या दिवशी स्वतःच्याच गाडीच्या काचेवर पावडर फिरवताना तो दोनदा निसटला.

घडलं होतं ते असं. चिमीला, म्हणजे त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला, शाळेत सोडायचं काम रोज नवऱ्याचं. तो आठवडाभर परगावी गेला, म्हणून बाईंनी तिला मागच्या सीटवर बसवलं. पोरगी पेंगायला लागली, बाईंच्या डोक्यात कचेरीतलं तातडीचं काम, आणि गाडी सवयीनं थेट कचेरीच्या आवारात येऊन थांबली. काचा वर, दारं बंद, किल्ली पर्समध्ये. दोन तासांनी काहीतरी शोधायला पर्स उघडली, तर चिमीची पाण्याची बाटली हाताला लागली. बाई तशाच गाडीकडे धावल्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गाडीच्या पत्र्याचा हाताला चटका बसला. कुलूप तसंच होतं, आणि मागची सीट रिकामी होती.

चिमी कचेरीच्या पोर्चमधल्या बाकावर पाय हलवत बसली होती. अंग गार होतं तिचं.

"कुणी काढलं गं तुला?"

"काकांनी."

"दार कसं उघडलं त्यांनी?"

"नाही उघडलं. नुसता हात धरला..."

दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर, नवलाच्या बातम्यांच्या चौकटीत ते छापून आलं. वर दोन तोंडांचं वासरू, खाली पोलीस चौकीतूनच चोरीला गेलेलं घड्याळ, आणि मधोमध चिमी. कचेरीत सगळे हसले. बाई कुलूप लावायलाच विसरल्या असणार, असं ठरवून मोकळे झाले. बाईंना मात्र रात्रभर ती रिकामी सीट दिसत राहिली होती. त्या ठसे घेण्याची पेटी उचलून गाडीत जाऊन बसल्या.

मागच्या काचेवर आतल्या बाजूनं एक अंगठा उमटला होता. मोठ्या माणसाचा, जुन्या जखमेचा तिरपा व्रण असलेला.

अनोळखी ठसा सापडला की तो आधी आपल्याच माणसांच्या कार्डांशी ताडून पाहायचा, हा खात्याचा नियम. कारण पंचनाम्याला गेलेले शिपाई-हवालदार नको तिथं हात लावून येतात. त्या कार्डांचा खण कुणी कधी साफ केलेला नव्हता. निवृत्त झालेले, वारलेले, सगळे त्यातच. तिसऱ्या तासाला तो तिरपा व्रण सापडला. कार्ड एका हवालदाराचं होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं. कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं: आगीतून मुलांना बाहेर काढताना मृत्यू.

विभागप्रमुखांना सगळे मागून 'भिंग' म्हणत. त्यांनी दोन्ही ठसे बराच वेळ पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे फायलीला लावू नका. त्यांची बायको आहे अजून. जाऊन आभार मानून या."

हवालदारांची म्हातारी बायको दोन खोल्यांत एकटीच राहत होती. बाई तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडल्या. "आजी, तुमच्या माणसामुळे माझी पोर आहे हो. हे उपकार मी कुठं फेडू?"

म्हातारीला नवल वाटल्याचं दिसलं नाही. तिनं बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. "फेडायचं कसलं त्यात? काम असेल तिथंच जातात ते. माझ्याकडे एकदासुद्धा आले नाहीत..." ती हसली. "म्हणजे माझं बरं चाललंय म्हणायचं."

बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. वाटेत भाजी घेतली, चिमीला शाळेतून आणलं, टळटळीत दुपारी घरी आल्या. पिशव्या आत न्यायच्या म्हणून पुढचं दार उघडंच ठेवलं. चिमी जमिनीवर चित्र काढत बसली. भाजी ओट्यावर ठेवून बाई परत आल्या, तर दार बंद होतं. वरची कडीही लागली होती. स्टुलावर चढूनही चिमीचा हात तिथं पोचला नसता.

बाईंनी पेटी उघडली. कडीवर अंगठा उमटला, तिरप्या व्रणाचा. खाली दाराच्या फळीवर पावडर फिरवली, तर दोन पुरते तळवे. नुसतं दार लोटणाऱ्या माणसाचे तळवे असे उमटत नाहीत, हे त्यांना चौदा वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. रेषा फाकल्या होत्या, मनगटाजवळची कातडी चेपली होती. कुणीतरी सगळं अंग टाकून ते दार आतून रेटून धरलं होतं.

"हवालदारकाका..." बाईंनी हात जोडले. "फार उपकार झाले..."

मग त्या पुढे झाल्या आणि त्या दोन तळव्यांच्या शेजारी त्यांनी आपलेही दोन तळवे दाराला लावले.

पलीकडून दाराला जोर लागत होता.