तळाचं पाणी

"सोड! अजून सोड! अगं, तळ लागेपर्यंत सोड ना!"

लंबूदादा विहिरीच्या काठावर पालथा पडून ओरडत होता आणि टिटवी दोरी सोडत होती. दोरीच्या टोकाला दगड बांधलेली बाटली, तिला घट्ट बूच आणि बुचाला वेगळी सुतळी. बाटली तळाशी गेली की सुतळीला हिसका द्यायचा, म्हणजे तिथलंच पाणी आत शिरणार! टिटवीची बडबड एरवी कुणालाच थांबवता येत नसे. आज मात्र तिचं सगळं लक्ष दोरीवर होतं.

कारणही तसंच होतं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, तरी मामाच्या रोपवाटिकेला आजवर पाणी कमी पडलं नव्हतं. मग पाणीपुरवठ्यासाठी कोपऱ्यावर पाणी खात्याचा मोठा पंप बसला. चाचणी म्हणून तो दिवसभर धडधडू लागला आणि इकडे रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. टिटवीने विहिरीच्या तळातून रोपांना येणाऱ्या नळीचं पाणी चाखलं, तर खारट! बादलीने काढलेलं मात्र गोड. मामा पाणी खात्याच्या साहेबांकडे गेला, तर ते म्हणाले, "तुमचा पाइप गंजलाय. आमच्या नकाशात हा सगळा भाग गोड्या पाण्याचा आहे." उद्यापासून पंप रात्रंदिवस चालणार होता.

"ही रोपं गेली की आपलं दुकान बंद," एवढंच मामा म्हणाला होता. तेव्हापासून टिटवी तळाच्या पाण्याच्या मागे लागली होती.

"आली वर!" लंबूदादा ओरडला. धाकट्या गुंड्याने लगेच घोट घेतला आणि थू थू करत अंगण डोक्यावर घेतलं.

"आता साहेबांना दाखवू या," लंबूदादा म्हणाला.

"ते ऐकतील होय आपलं? थांब, त्यांनाच बोलतं करू!"

साहेब पंपापाशीच होते. टिटवीने दोन पेले पुढे धरले. "काका, तुमच्या त्या खारटपणा मोजायच्या मीटरला कुठलं पाणी कुठलं ते ओळखता येतं?"

"अर्थात!" साहेबांनी ऐटीत मीटर बुडवला. "हे विहिरीचं, एकदम गोड. आणि हे... चावटपणा करता काय रे? हे समुद्राचं भरून आणलंत!"

"दोन्ही मामाच्याच विहिरीची! एक वरचं, एक तळाचं. आणि बाटलीला पाइप नसतो, काका!"

साहेबांचा चेहरा उतरला. ते तडक विहिरीवर आले, स्वतः बाटली सोडली, स्वतः मोजलं. मग मामाकडे वळून हळूच म्हणाले, "आम्ही मोजणीला आलो, तेव्हा नमुना कुठून काढून दिलात?"

"वरवरचं, नितळ काढलं. तुम्हाला काय गढूळ पाणी द्यायचं?"

"आणि बाकीच्या विहिरींवर?"

"सगळ्यांनीच तसं दिलं असेल. पाहुण्यांच्या बादलीत गाळ कोण घालतं?"

साहेब कपाळाला हात लावून कठड्यावर बसले. "गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खाली खारं. आम्ही साय चाखली आणि नकाशा रंगवला. पंपाने वरचं ओढून घेतलं, तसं खालचं वर चढायला लागलं."

त्यांनी तिथूनच फोन लावून पंप बंद करायला सांगितलं. "सगळ्या विहिरी पुन्हा मोजायच्या, तळापर्यंत!" ते फोनवर खेकसले. मग टिटवीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! तुम्ही नसता तर अख्ख्या वस्तीचं पाणी गेलं असतं."

कोपऱ्यावरची धडधड थांबली. गुंड्याने आनंदाने उडी मारली, पण टिटवीने विचारलं, "आमची विहीर आता पुन्हा गोड होईल ना, काका?"

साहेब खोटं बोलले नाहीत. "पाऊस मुरेल तशी होईल. पण वेळ लागेल, पोरी. या वर्षी तर नाहीच."

मामाने तिला जवळ घेतलं. "माझ्या पोरांनी विहीर वाचवली," तो म्हणाला. मग बाही वर सारून तो करपलेल्या रांगेशी बसला आणि रोपं उपटू लागला. टिटवीला रडू आलं. तिने डोळे पुसले आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"हे ठेव," एका रोपावरून बोट फिरवत मामा म्हणाला. "याला एक पान हिरवं आहे."