टाळ आणि टाळू

या सज्जनहो, जवळ सरका. पुढल्या काळातल्या मिरजेची गोष्ट सांगतो. दाताची आहे, पण गोड लागेल.

तिथल्या दंतशाळेत डॉ. रेवती घोरपडे मुखचित्रकासमोर बसली होती. हे यंत्र तोंडात प्रकाश टाकून हिरड्यांचा अंकीय नकाशा काढी. उपचारांपूर्वीचा आणि नंतरचा नकाशा एकावर एक ठेवून केसभर फरकसुद्धा रंगात दाखवी. खुर्चीत होते निवृत्तीबुवा कीर्तनकार. त्यांच्याच कीर्तनांत रेवती लहानाची मोठी झालेली. हिरड्यांच्या रोगानं बुवांचा वरचा पुढचा दात खाली, बाहेर आला होता, शेजारी फट पडली होती. उपचार झाले, तोवर कीर्तन बंद. आणि आज पडदा लालबुंद: हिरडी आणखी फुगली, दात काढा!

"दात गेला की उच्चार गेला," बुवा पुटपुटले. "मग देवापुढं तोंड कुठलं उघडू, पोरी?"

"पण रक्त येत नाही, हिरडी घट्ट आहे," रेवती यंत्रज्ञ शकील इनामदारांकडे वळली. "शकीलभाई, यंत्र दोन नकाशे जुळवतं कशावर?"

"त्याच दातावर. हिरडी बदलते, दात हलत नाही, असं धरून."

"काढायचाच तर निरोपाचं एकदा म्हणून घेतो," बुवांनी घसा खाकरला. "सज्जनहो!"

रेवती ताडकन उठली. "बुवा, शिट्टी कुठंय?"

अख्ख्या गावाला ठाऊक होती ती शिट्टी. फटीतून 'स' शिट्टी होऊन निसटायचा आणि पुढच्या रांगेतली पोरं खिदळायची.

"फट मिटलीय! रोग हटला तसा दात वर, आत, आपल्या जागी गेला. यंत्रानं दात ठाम धरला, म्हणून त्याला हिरडीच खाली आल्यासारखी दिसली."

"म्हणजे गाणारा हलला की टाळ, तेच यंत्राला कळेना," बुवा म्हणाले. "मग ठाम कोण?"

"वरच्या दातांमागं, टाळूवरच्या वळ्या," शकीलभाई यंत्राकडे धावले. "त्या जागच्या हलत नाहीत. बुवा, जन्मभर टाळ धरलात आणि टाळू विसरलात होय!"

"मी विसरलो? यंत्र तुमचं!"

टाळूवर जुळवलेला नकाशा हिरवागार उमटला. यंत्र ज्याला रोग म्हणत होतं, ते बरं होणं होतं. दात राहिला.

शनिवारी बुवा देवळात उभे राहिले. "सज्जनहो!" अगदी स्वच्छ. पुढच्या रांगेतले चेहरे पडले. बुवा थबकले, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की टाळकऱ्याच्या हातून टाळ निसटला.

आता जिभेचं टोक वर लावून बघा. लागल्या वळ्या? त्या लागतील तेव्हा आमच्या निवृत्तीबुवांची आठवण काढा, एवढंच मागणं.