लेंगीच्या चालीवरचं गाणं

पाळकसाहेब, चर्चचं दार तुम्ही लावलं. वाऱ्यानं लागलं असं अजून सांगता, ते खोटं आहे; मंडळीत बसून मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही स्वतः उठलात, कडी घातलीत, आणि डफ घेऊन आलेला भावसिंग चर्चच्या बाहेरच राहिला.

पहिल्यापासून ऐकाच.

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. डोंगरकड्याच्या शिवारात संतरामची हळद शिजत होती. कढईतून वाफ निघे अन् सगळं रान उग्र-गोड वासानं भरून जाई. संतरामची लेक कोमल शिजलेली हळद पसरताना गुणगुणत होती. घर आजोबापासून ख्रिस्ती. पण पोरीला पाठ केलेल्या प्रार्थना पुरत नव्हत्या. देव कुठे आहे, हे ती स्वतः जुळवलेल्या ओळींतून विचारायची.

बंजारा तांड्यावरून कामाला आलेला भावसिंग चुलवणात जाळ घालता घालता थांबला.

"कोणाचं गाणं हे?"

"माझंच. चाल न्हाई अजून."

"कोणाला हाक मारून राहिल्या?"

"देवाला."

"ओ देतो का?"

ती घोटाळली... "अजून न्हाई. पण मी काहून थांबू?"

त्यानं वाफेआडून तिच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. "हळद तर लागली तुमाला. आता नवरदेव तेवढा बाकी."

तिनं हळदीचा गड्डा फेकून मारला — नेम मुद्दाम चुकवून.

दुसऱ्या दिवशी तो चाल घेऊन आला. होळीला तांड्यावर सगळे फेर धरून लेंगी गातात, त्या लेंगीची. कोमलच्या ओळी तिच्यात अलगद बसल्या:

हाक मारते, ओ दे रे देवा,
रान धुंडलं सारं;
खिळ्याच्या हातानं शोधत ये तू,
उघडं ठेवलंय दार...

"हाताला खिळे ठोकले, तरी शोधाया येतो?" त्यानं विचारलं.

"येतो म्हणतात. म्हणून तर हाक मारते."

हळद पोत्यात भरेपर्यंत दोघं गातच राहिले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी हे गाणं चर्चमध्ये म्हणायचं, भावसिंगनं डफ वाजवायचा, असं कोमलनं ठरवलं. सगळ्या मंडळीसमोर तो शेजारी उभा राहिला, की बापाला वेगळं सांगायची गरजच उरणार नव्हती.

तुम्ही म्हणालात, ही होळीत नाचायची चाल. अन् खऱ्या विश्वासाची पोर देवाला असं धुंडत नसते. शब्द बदल, चाल बदल, पोराला बाहेर ठेव. मग ती कडी.

कोमल उभी राहिली. तिनं एक शब्द बदलला नाही, चालही तीच. तिसऱ्या ओळीला बंद दारातून डफ आला — बराबर ठेक्यावर. आत कोणीतरी पायानं ताल धरला. तो संतराम होता.

गाणं संपल्यावर ती सरळ चालत गेली अन् कडी काढली. भावसिंग डफ छातीशी धरून उभा.

"ओ दिली का गं त्यानं?"

"तू दिलीस," ती म्हणाली. "त्यानंच धाडलं असंल तुला... चल आत."

त्यांचं लग्न लावायला तुम्ही नाही म्हणालात. ते संतरामच्या अंगणात लागलं, अख्खा तांडा अन् अर्धी मंडळी जेवली.

आता अकरा वर्षं झाली. तुमच्याच चर्चमध्ये दर नाताळाला सगळी मंडळी ते गाणं म्हणते, भावसिंगच्याच डफावर. तुम्ही टाळ्या वाजवता. 'उघडं ठेवलंय दार' आलं, की मागच्या बाकावर लेकराला घेऊन बसलेली कोमल त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे. हळदीचा तो वास जणू परत येतो.

अन् तुम्ही, साहेब? त्या ओळीला तुम्ही खाली काहून बघता? दार कोणी लावलं होतं, ते एकदा मंडळीसमोर उभं राहून सांगा.