हिरव्या फळ्यांमागचा हीटर

"पुन्हा बंद!" ओटिस ओरडला. "पाण्याचा हीटर तापून तापून बंद पडलाय, लाल दिवा लागला बघ!"

डेल्फिनाने पाण्यातून पाय झटकन बाहेर काढला. अमेरिकेतल्या टूसॉनचं मार्चमधलं ऊन अंग भाजत होतं, पण पोहण्याच्या तलावाचं पाणी मात्र बर्फगार! काठावर तिचा धाकटा भाऊ रेमी हिरमुसून बसला होता. त्याच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, पण गुडघा वाकायचा तो फक्त कोमट पाण्यात.

"लावलात ना हात हीटरला?" वसाहतीचे व्यवस्थापक मिस्टर क्रँडल चाव्या खुळखुळवत आले. "सुट्टी लागली की ही कार्टी माझ्या मानगुटीवर! आणखी एकदा बंद पडू दे, मुलांना तलावावर बंदी. उन्हाळा संपेपर्यंत!"

"आम्ही नाही हात लावला!"

"मग काय खारीने लावला?"

ते गेल्यावर ओटिस पुटपुटला,

"हीटर रुसला, पाणी गार,
क्रँडल आमचे कुलूपदार!"

"गप रे! सोमवारी कसा दिवसभर चालला?" डेल्फिनाने विचारलं.

"सोमवारी केवढा वारा होता! माझी टोपी उडाली."

"आणि हीटरवरची फळीपण!" रेमी म्हणाला.

तिघं हीटरपाशी गेली. रस्त्यावरून कुठलंही यंत्र दिसू नये, हा वसाहतीचा नियम. म्हणून क्रँडलनी हीटरला चारही बाजूंनी आणि वरूनही हिरव्या फळ्या ठोकल्या होत्या. उडालेली फळी मंगळवारी पुन्हा ठोकली, आणि त्याच दुपारी हीटर बंद पडला होता! आतली गरम हवा वरच्या फळीवर आपटून माघारी फिरत होती. फळ्यांच्या वरच्या कडांचा रंग भाजून, फुगून तपकिरी झाला होता.

"श्वास कोंडतोय बिचाऱ्याचा," डेल्फिना हळूच म्हणाली.

तिने जाऊन सांगितलं, पण क्रँडलनी ऐकूनही घेतलं नाही. "मला शिकवतेस? नियम म्हणजे नियम. फळ्या हलणार नाहीत!"

डेल्फिनाने दात आवळले. "ओटिस, तुमचा कचऱ्याचा डबा दुपारपर्यंत बाहेर राहिला, तेव्हा वसाहतीच्या समितीच्या पत्रात काय लिहिलं होतं?"

"रस्त्यावरून कुरूप काही दिसलं, तर चोवीस तासांत हटवा."

"मग तो भाजका रंग रस्त्यावरून दिसतो की!"

तासाभरात तिघांच्या सह्यांची तक्रार समितीच्या अध्यक्षा मिसेस लिंडक्विस्ट यांच्या हातात होती. ऐंशीच्या आजी चष्मा सावरत रस्त्यावर उभ्या राहिल्या. "क्रँडल, काय ध्यान आहे हे! काढा त्या फळ्या, रंगवून घ्या."

"मॅडम, ही पोरं मुद्दाम..."

"पोरांचं नंतर. आधी फळ्या!"

क्रँडल लालबुंद होऊन खिळे उपटत राहिले. वारा आत शिरला आणि हीटर गुरगुरला. दुपार सरली, सावल्या लांबल्या, तरी लाल दिवा काही लागला नाही!

"म्हणजे हीटर तुम्हीच कोंडला होता, आणि ओरडलात या लेकरांवर?" मुलांकडून सगळं ऐकून आजींनी विचारलं.

"पण नियम..."

"नियमात फळ्या कुठे लिहिल्यात? जरा अंतर ठेवून दाट जाळी लावा, वरून उघडी." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! असे डोळे आमच्या समितीत एकालाही नाहीत."

क्रँडलनी माफी मागितली नाही. फाटकाची किल्ली डेल्फिनाकडे भिरकावली. "सहाला बंद! आणि आरडाओरडा नको!"

रेमी पायरी-पायरीने पाण्यात उतरला. पाणी आईच्या ओंजळीसारखं उबदार होतं. गुडघा थरथरला, अडला, आणि हळूहळू मुडपला.

"वाकला!" तो किंचाळला.

"शूऽऽ, नियम!" डेल्फिना म्हणाली.

आणि मग तिघंही गळा फाडून ओरडली.