साठ मास्क, दोन आजारी

सोनीबाई आली तेव्हा सुचित्रा पांढरीपांडे मांडीवरच्या लेकीला वरणभात भरवत होती.

"बाई, माह्या नवऱ्यानं सोताच सोताचे डोये घालवले, असं लिवलं हाय," ती दारातूनच म्हणाली. "तुमी हिसोबाच्या बाई. ह्या हिसोबातलं खोटं काढून द्या."

सुचित्रा आधी यवतमाळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. आता खासगी तपासाची कामं घेई. तिचा दीर साकेत वकील होता आणि मोटरसायकल त्याची असल्यामुळे सहायकही.

साकेतने कागद वाचला. मारेगावकडचा फवारणी मजूर किसनसिंग. कपाशीवर फवारताना विषबाधा, दृष्टी गेली. कारण, मास्क न वापरण्याचा निष्काळजीपणा. कीटकनाशक कंपनीच्या सर्वेक्षणाच्या आधारे चौकशी समिती उद्या हे कायम करणार होती.

"मास्क देल्लाच नाई त्याले कोनी," सोनीबाई म्हणाली. "तो दवाखान्यात पडून एकच म्हनते, माही चूक काय ते सांगा. मी काय सांगू?"

"वहिनी, अभ्यास मात्र पक्का दिसतो," साकेत हळूच म्हणाला. "मास्क मिळालेले साठ, त्यांत आजारी दोन. न मिळालेले साठ, आजारी एकवीस. वर संख्याशास्त्रातली काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी लावली आहे."

"चाचणी बरोबर आहे. एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही, इतकंच ती सांगते. का पडला, ते तिला विचारू नये." सुचित्राने पान उलटलं. "हे बघ. डोळ्यांची आग आणि अंगावर पुरळ, दवाखान्यापर्यंत न गेलेलेही धरून. मास्कवाल्यांत दोघांना, बाकीच्यांत एकोणतीस जणांना."

"म्हणजे मास्क फारच चांगला."

सुचित्राने लेकीचं तोंड पुसून तिला सासूबाईंकडे दिलं. "भावजी, गाडी काढा."

गावात मास्क वाटले होते सोसायटीच्या भगवानरावांनी. ओसरीवर ते पांढऱ्याशुभ्र धोतरात बसले होते. शेजारी त्यांची नात बाहुलीला मास्क बांधून 'पेशंट, पेशंट' खेळत होती.

"तुम्हाला त्रास नाही झाला?" सुचित्राने विचारलं.

"मले? मी चार डाव फवारलं यंदा. शिंक नाही आली."

"कपाशी किती वाढली?"

"डोक्याच्या वर गेली ना बाई. पंपवाला आत शिरला का दिसत नाही."

"मास्क कोणाला दिले?"

"सातबारा पाहून देल्ले. कंपनीच्या साहेबाचा तसाच फोन होता, खातेदारालेच द्या म्हणून. आमचे मास्कवाले दोघंच पडले. विठ्ठलराव अन् त्याचा भाऊ. दीड एकरवाले हायेत, मजूर परवडत नाही त्यांले."

बाहेर आल्यावर साकेत फणफणला. "म्हाताऱ्याने मजुरांचे मास्क नातीला खेळायला दिले. हाच चोर."

"चोर असते, तर मास्क लपवला असता. पुढे चला."

सर्वेक्षण करणारा स्वानंद नुकताच कृषी पदवीधर झाला होता. तो घाबरलेलाच होता.

"आकडे घरी बसून रचले का रे?" साकेतने दरडावलं.

"नाही हो सर. घरोघर फिरलोय. वेळापत्रक साहेबांनी दिलेलं. मास्कवाल्यांकडे सकाळी, बाकीच्यांकडे दिवे लागल्यावर."

"मास्कवाले सगळे भेटले?"

"एका फेरीत. दोघं सोडून. विठ्ठलराव आणि त्यांचा भाऊ. त्यांच्यासाठी थेट दवाखान्यात जावं लागलं."

"काय विचारलंस?"

"फवारणी केली का, मास्क मिळाला का, त्रास झाला का. तीनच प्रश्न साहेबांनी ठरवले होते."

ते साहेब, म्हणजे कंपनीचे जिल्हा अधिकारी मधुसूदन, वणीच्या कार्यालयात भेटले. त्यांनी चहा मागवला, सोबत आलेल्या सोनीबाईला सोडून.

"मॅडम, वाटप गावाने केलं, आकडे पोराने आणले. मी फक्त निष्कर्ष वाचला. आता प्रत्येक मजुराच्या मागे मास्क घेऊन धावू का? मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. घरी पन्नास एकर कपाशी आहे. या लोकांना शिस्त नाही, हे लहानपणापासून पाहतोय."

सुचित्राने आपला कप सोनीबाईपुढे सरकवला आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी मारेगावच्या तहसील कार्यालयात सगळे जमले. समितीचे अध्यक्ष तहसीलदार होते. सुचित्राचा आवाज शांत होता, पण तिने हातातलं पेन इतकं घट्ट धरलं होतं की साकेतने आपली खुर्ची जरा मागे घेतली.

"साहेब, मास्क नाकातोंडावर बसतो. मग मास्कवाल्यांचे डोळे का जळले नाहीत? पाठीवर, पोटऱ्यांवर पुरळ का नाही? मास्कने फरक पडला असता, तर तो श्वासात दिसला असता. इथे अख्खं शरीरच वाचलंय. म्हणजे त्या शरीरांवर औषध पडलंच नाही."

"म्हणजे?" तहसीलदारांनी विचारलं.

"म्हणजे त्यांनी फवारलंच नाही. मास्क सातबारा पाहून वाटले. सातबारा मालकाचा, पंप मजुराच्या पाठीवर. भगवानराव, चार डाव फवारलं ते कोणी?"

भगवानराव गोंधळले. "कोणी म्हणजे? गडी होता ना. वावर माहं, औषध माहं, तं मीच फवारलं म्हणतो आपण."

"सगळेच म्हणतात. स्वानंदने तेच लिहिलं. या चाचणीत मास्क आणि बिनमास्क असे दोन गट नव्हतेच. ओसरीवर बसणारे आणि कपाशीत शिरणारे, असे होते."

"हा गैरसमज झाला असेल," मधुसूदन हसून म्हणाले. "मला काय माहीत गावात कोण फवारतं?"

"वेळापत्रक तुमचं होतं. फवारणीच्या दिवसांत मास्कवाल्यांना सकाळी घरी गाठा म्हणालात. पंपवाला सकाळी घरी नसतो. पन्नास एकर कपाशीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळत नाही? मजुरांकडे तुम्ही पोराला दिवे लागल्यावर धाडलंत. कोण कधी कुठे सापडतो, ते तुम्हाला नेमकं ठाऊक होतं. पंप कोणाच्या पाठीवर होता, हा एकच प्रश्न तुम्ही विचारू दिला नाही."

मधुसूदनचं हसू गेलं. "पण मास्क उपयोगी नाही, हे कुठे सिद्ध होतं?"

"होत नाही. साठ मास्कवाल्यांत स्वतः फवारणारे दोनच, विठ्ठलराव आणि त्यांचा भाऊ. दोघांनी मास्क लावला होता, मी दवाखान्यात विचारून आले. दोघंही पडले. दोन माणसांवरून मी चाचणी करणार नाही, मला तेवढी लाज आहे. तुम्ही ओसरीवर बसलेले अठ्ठावन्न जण मोजून एका आंधळ्या झालेल्या माणसाला दोषी ठरवलंत."

तहसीलदारांनी सर्वेक्षण बाजूला सारलं, मधुसूदनना जबाबासाठी थांबायला सांगितलं आणि किसनसिंगच्या नावापुढची 'निष्काळजीपणा' ही ओळ खोडून सही केली.

सोनीबाईने पदराआडून मोबाइल काढला. तो मघापासून चालूच होता, पलीकडे दवाखान्यात किसनसिंग ऐकत होता.

"साहेब, काय खोडलं ते मोठ्यानं वाचा. मले वाचता येत नाई, त्याले दिसत नाई."

तहसीलदारांनी वाचलं, आणि मग किसनसिंगची काही चूक नव्हती, हेही आपल्या शब्दांत सांगितलं.

"सोने," मोबाइलमधून किसनसिंग म्हणाला, "तो कंपनीचा साहेब तिथंच हाय का?"

"हाय."

"त्याले इकडं धाड. मले तं तो दिसनार नाई. त्यानं तरी मले पाहावं."