धरलं म्हटल्याशिवाय

काचेच्या कारखान्यातली नाताळची पार्टी पाच वाजता संपली आणि पाच वाजून दहा मिनिटांनी भट्टीवाले काका उघड्या कपाटासमोर डोक्याला हात लावून बसले. वही गेली होती.

वही म्हणजे काकांची चाळीस वर्षं. कुठल्या काचेला किती आच, किती वेळ, थंड कशी करायची, सगळं त्यांच्या हाताने लिहिलेलं. दुसरी प्रत नाही. चार वाजता त्यांनी स्वतःच ती कपाटात ठेवली होती. कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला आणि तो खिळा अख्ख्या कारखान्याला ठाऊक. आता बोला.

फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या आणि खिसे तपासले. काहीच हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इन्स्पेक्टर मॅडम आल्या. मॅडम कमी बोलायच्या, आणि समोरचा फार बोलायला लागला की त्यांचे कान टवकारायचे.

"चोर सापडलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त कबुली घ्या."

टेबलावर एक पत्र टाइप करून तयार होतं. पॅकिंगमधल्या माणसाला कामावरून काढल्याचं. एकोणीस वर्षं तो इथे होता. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत, आणि ते तोंडावर म्हटलं तरी तो काही बोलत नसे.

"पुरावा?" मॅडमनी विचारलं.

"चार ते पाच फाटक बंद होतं. वॉचमन जागचा हलला नाही. आत आम्ही तेवीस जण. बावीस जण पार्टीत होते, एकमेकांना दिसले. हा कोणालाही दिसला नाही. भेटींच्या पोत्यात शेवटी एकच पुडकं उरलं, तेही याच्याच नावाचं. अन् हा म्हणतो, मी घरी होतो. गेला तर साडेपाचला, सगळ्यांबरोबर."

"पार्टी दरवर्षी असते?"

"दरवर्षी. आणि दरवर्षी मी म्हणते, बंद करा हे. अर्धा दिवस काम बुडतं. ऑफिसवाले एका कोपऱ्यात, कारखान्यातले दुसऱ्या. यंदा मॅनेजरनेच हट्ट धरला. म्हणे, माणसं जवळ येतात. बघा, किती जवळ आली."

तेवढ्यात मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन आत आला. गोरागोमटा, हसरा, तोंडाचा पट्टा सतत चालू.

"मीच नाताळबाबा झालो होतो, मॅडम. तासभर त्या दाढीत नुसता घामाघूम. पण लोक खूश झाले हो. घ्या, पाणी घ्या."

मॅडमनी हात पुढे केला, पण ग्लास हातात बसायच्या आधीच त्याने तो सोडला. पाणी बाहीवर सांडलं.

"माफ करा, माफ करा. बरं, मी जाऊन येऊ का? पोशाख भाड्याचा आहे, अकराच्या आत दुकानात परत द्यायचाय. खोकं बांधून तयारच आहे."

"आत्ता कोणीही फाटकाबाहेर जायचं नाही," मॅडम बाही झटकत म्हणाल्या.

भट्टीच्या खोलीत काकांनी कपाट दाखवलं. मॅडमना फळीवरचा पातळ काचेचा चंबू बघायचा होता. काकांनी तो त्यांच्या हातात दिला, पण सोडेनात. मॅडमनी जरा ओढून पाहिला.

"धरलं म्हणा," काका म्हणाले.

"काय?"

"समोरचा 'धरलं' म्हणाल्याशिवाय काच सोडायची नाही. इथे आल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात. आता हाडात भिनलंय. घरी बायकोला चहाचा कप देतानाही मी थांबतो, मग ती चिडते."

"धरलं," मॅडम म्हणाल्या. काकांनी चंबू सोडला. "ऑफिसातल्यांनाही शिकवता?"

"ते इकडे कशाला फिरकतील?"

पॅकिंगमधल्या मावशी रात्रभर रडलेल्या दिसत होत्या. पार्टीचं विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला.

"खोटं कशाला बोलू, इतकी मजा कधी आली नव्हती. एरवी आम्ही खातो अन् भिंतीला टेकून घड्याळ बघतो. काल नाताळबाबांनी काय हसवलं. तोंडातून एक शब्द नाही, नुसती घंटी वाजवायची. मला लोकरीचे मोजे दिले अन् सोडेचनात. मी ओढतेय, ते धरून. शेवटी 'धरलं' म्हटलं, तेव्हा सोडले. मग सगळ्यांनाच तसं. ऑफिसातल्या पोरींना काही कळेना. आम्हीच शिकवलं, धरलं म्हणा गं."

"कारखान्यातल्या सगळ्यांना भेट मिळाली?"

"सगळ्यांना. एक मौनीबाबा सोडून."

मॅडम थोडा वेळ आपल्या ओल्या बाहीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मौनीबाबाला बोलावलं.

पन्नाशीचा, किरकोळ माणूस. खुर्चीच्या कडेवर बसला.

"काल चार ते पाच कुठे होतात?"

"घरी."

"वॉचमन नाही म्हणतो."

तो आपल्या चपलांकडे बघू लागला.

"घरी कोण असतं?"

"मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"खरं सांगितलं नाहीत, तर अकरा वाजता मला तुम्हाला घेऊन जावं लागेल. नोकरी जाईल. तिला काय सांगाल?"

तो घाबरला होता, अगदी मनापासून घाबरला होता.

"शब्द दिलाय मी," तो म्हणाला.

"कोणाला?"

त्याने मान खाली घातली. ती काही केल्या वर येईना.

पावणेअकराला मॅडमनी सगळ्यांना जेवणाच्या मोठ्या खोलीत बोलावलं. कालच्या पताका अजून तशाच होत्या. मॅनेजरचं खोकं त्यांनी टेबलावर ठेवून घेतलं.

"काल बावीस जण दिसले, असं तुम्ही म्हणता," मॅडमनी सुरुवात केली. "मला दिसतात एकवीस आणि एक दाढी. दाढीमागचा चेहरा कोणी पाहिला?"

सगळे मॅनेजरकडे बघू लागले.

"मॅनेजरनी आधीच सांगितलं होतं, नाताळबाबा मी होणार. म्हणून सगळे ते धरून चालले. पण हा नाताळबाबा तासभर मुका होता. मॅनेजरना दोन मिनिटं गप्प बसता येतं का, तुम्हीच सांगा. आणि तो लोकरीचे मोजेसुद्धा 'धरलं' ऐकल्याशिवाय सोडत नव्हता. त्याने ते गंमत म्हणून केलं नाही. सवयच तशी. सकाळी मॅनेजरनी मला काचेचा ग्लास दिला आणि माझ्या हातात यायच्या आधी सोडला. त्यांच्या हाताला ही सवय नाही. म्हणजे दाढीत कारखान्यातला माणूस होता. आता कारखान्यातल्या प्रत्येकाने नाताळबाबाकडून भेट घेतली, एक जण सोडून. त्याचं पुडकं का उरलं? स्वतःच्या हातातून स्वतःला भेट कोण देणार?"

सगळ्यांच्या माना मौनीबाबाकडे वळल्या.

"तो सगळ्यांना हसवत होता, तेव्हा मॅनेजर मोकळे होते. नुसते वहीचे फोटो काढून भागणार नव्हतं. जो ती वही त्यांच्याकडून विकत घेणार होता, त्याला ती इथे राहायला नको होती. फाटकावर झडती झाली ती माणसांची. भाड्याचा पोशाख ऑफिसातच राहिला. काका, खोकं उघडा."

मॅनेजर हसायला गेला, पण ते हसू त्याला जमलं नाही. काकांनी चिकटपट्टी फाडली. पांढरी दाढी, हातमोजे, लाल झगा आणि त्याच्या घडीत वही. काकांनी ती छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर रडले.

"तुम्ही गप्प का राहिलात?" मालकीणबाईंनी मौनीबाबाला विचारलं.

त्याने मॅनेजरकडे पाहिलं. "हे म्हणाले, आईला दवाखान्यात न्यायचंय, तासाभरात गुपचूप जाऊन येतो. बाईंना कळलं तर नोकरी जाईल. कोणाला सांगू नकोस." मग त्याने मॅनेजरलाच विचारलं, "आई बरी आहे ना तुमची?"

मॅनेजरने तोंड फिरवलं. मॅडम त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

एकोणीस वर्षं ज्याच्याशी कोणी बोललं नाही, त्याच्याबरोबर काल सगळे पोट धरून हसले होते. याची लाज एकेकाच्या तोंडावर दिसत होती. मालकीणबाईंनी ते पत्र फाडलं. मग पोत्यात उरलेलं पुडकं आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हात लावला. बाईंनी सोडलं नाही.

"धरलं," तो म्हणाला.

मावशींनी डोळे पुसत विचारलं, "बाई, पुढच्या वर्षी पार्टी आहे का बंद?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी मौनीबाबाच बोलला.

"असली तर मी येईन," तो म्हणाला. "दाढी न लावता."