नववा खण

मोडीत काढायचं ठरलेलं यंत्र तिच्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा तिनं सगळ्यात आधी ओल्या फडक्यानं त्याची धूळ पुसली. जाडजूड पुस्तकाएवढं यंत्र, प्लॅस्टिक पिवळट पडलेलं. एका कोपऱ्यावर कुणीतरी कधीकाळी सशाचं चित्र चिकटवलं होतं, त्याचे कान तेवढे उरले होते.

नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारी ही यंत्रं. लहानसहान दवाखान्यांत अजून काही शे चालू होती. तिची लेक ठमी दिवस भरायच्या आधीच जन्मली, तेव्हा एकोणीस दिवस अशाच एका यंत्राशेजारी होती. त्या एकोणीस दिवसांत तिनं लेकीच्या तोंडाकडे जितकं पाहिलं, तितकंच त्या हिरव्या दिव्याकडेही.

ऑफिसातल्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला प्रोसेसरकडून नऊ सूचना अशा लागतात, ज्या या जुन्या प्रोसेसरला ठाऊकच नाहीत. अनोळखी सूचना समोर आली की तो काम टाकून हात वर करतो, यंत्र बंद. तेव्हा विषय संपला, दवाखान्यांनी नवी यंत्रं घ्यावीत.

"विषय संपलेला नाही," ती म्हणाली. "त्याला जे येत नाही ते आपण करायचं. त्याच्या नावावर."

साहेब हसले. म्हणाले, तीन आठवडे देतो, करून बघा हौस.

हौस नव्हती ती. कामाची रीत तिला पाठ होती. प्रोसेसरनं हात वर केले की सिस्टीमनं मध्ये पडायचं. प्रोग्रॅमला जागच्या जागी थांबवायचं, अडलेलं काम साध्यासाध्या पायऱ्यांनी स्वतः उरकायचं, उत्तर ठरलेल्या जागी ठेवायचं, आणि प्रोग्रॅमला पुढच्या ओळीवर नेऊन सोडायचं. आपलं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं, याचा त्याला पत्ताही लागता कामा नये. हा बदली हात पकडला जातो तो एकाच गोष्टीवरून, लागणाऱ्या वेळेवरून. उत्तर अगदी तेच, पण चाळीस पट हळू.

नऊ सूचनांसाठी तिनं सिस्टीममध्ये नऊ खण आखले, एकेका सूचनेचं काम लिहायला एकेक. आठ खण दोन आठवड्यांत भरून झाले. नववी सूचना क्वचितच लागायची, म्हणून ती मागे ठेवली. त्या खणात एकच ओळ लिहिली, की इथवर कुणी आलंच तर माझ्या फोनला खबर दे आणि प्रोग्रॅम थांबव.

बुधवारी पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन थरथरला. एकदा नव्हे, सात वेळा. पाच वेळा लागोपाठ, मग जरा थांबून दोनदा.

म्हणजे नवव्या खणापर्यंत कुणीतरी सात वेळा आलं होतं. पण प्रोग्रॅम थांबला नव्हता. पडद्यावर चाचणीच्या श्वासाची रेघ शांतपणे सरकत होती. तिनं सातही उत्तरं काढली, कागद-पेन्सिल घेऊन एकेक ताडून पाहिली. सगळी बरोबर. खण उघडून पाहिला, तर आत तीच एक ओळ. उत्तर देणारं तिथं काहीच नव्हतं.

कामाच्या नादात सहाला वीस कमी झाले. ठमीला पाळणाघरातून पाचला आणायचं होतं.

ती धावतच पोचली. पाळणाघराच्या ताई छोट्या गाद्या एकावर एक रचत होत्या. त्यांनी आश्चर्यानं विचारलं, काही राहिलं का? मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, पाचला तुम्हीच नाही का नेलंत तिला?" रजिस्टर पुढे केलं. पाच वाजले, ठमीचं नाव, पुढे सही. नेहमीची.

घरी सासरे खिडकीशी भिंग लावून वर्तमानपत्र वाचत होते. ठमी घरातला फ्रॉक घालून जमिनीवर चित्र काढत होती. दाराशी तिचे बूट शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून.

सासऱ्यांनी सांगितलं ते असं. तू आलीस, पोरीच्या फ्रॉकची बटणं काढलीस, बूट काढलेस, आणि ऑफिसात थोडं राहिलंय म्हणून परत गेलीस. हे सांगून त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सूनबाई, जरा झोप काढत जा."

तिनं ठमीला विचारलं, तुला घरी कुणी आणलं?

"तू," ठमी म्हणाली. वेड्या माणसाला सांगावं तसं.

पाळणाघरात घालायच्या फ्रॉकला समोर पाच बटणं होती. बूट दोन. तिनं हे मोजलं आणि मोजलं म्हणून स्वतःलाच रागावली. नवरा दूरच्या बंदरावर नोकरीला, तीन महिन्यांनी घरी येणारा. त्याला फोनवर काय सांगणार? माझ्या सहीनं मीच पोरगी नेली, असं?

दुसऱ्या दिवशी तिनं ताईंना बजावलं की माझा फोन आल्याशिवाय ठमीला कुणाच्याही हाती द्यायचं नाही.

"बरं," ताई म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "आणि तुम्हीच आलात तर?"

त्या दिवशी ती स्वतः पावणेपाचलाच दारात हजर झाली. फोन गप्प राहिला.

शुक्रवारी साहेबांनी बैठक लांबवली. पाच वाजून दहा मिनिटं झाली आणि तिच्या मांडीवर फोन थरथरू लागला. ती कुणाला न विचारता उठून बाहेर गेली. जिन्याच्या कठड्याला टेकून तिनं घरी फोन लावला.

सासऱ्यांनी उचलला.

"अगं, समोर तर बसली आहेस," ते म्हणाले.

पलीकडून बूट फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. कानाशी धरलेला फोन थरथरला. दुसऱ्या बुटाचा आवाज आला. फोन पुन्हा थरथरला.

"तिला द्या फोन," ती म्हणाली.

पावलं ऐकू आली. कुणीतरी रिसीव्हर हातात घेतल्यासारखी खुडबुड. मग नुसता एक श्वास ऐकू आला, सावकाश, जिना चढून आल्यासारखा. पुन्हा सासरे. "गेली बघ. घाईत दिसली."

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. नववा खण रिकामा आहे आणि तरी तिथून उत्तरं येताहेत, हे त्यांना कागदावर दाखवलं. साहेबांनी चाचण्यांचा तक्ता पाहिला. सगळ्या ओळी हिरव्या होत्या.

"उत्तरं बरोबर आहेत ना?" ते म्हणाले. "मग देतंय कोण, याच्याशी आपल्याला काय घेणं?"

"मला घेणं आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. सोमवारी पाचला दवाखान्यांची माणसं यंत्र बघायला येणार होती. ती स्वतः ऑफिसात थांबली नाही तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी बघावं लागेल, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

"यंत्र चालेल," ती म्हणाली. "त्याला पाच वाजता माझी गरज नाही. माझ्या पोरीला आहे."

शनिवार-रविवार दुपारी ठमी झोपली की ती लिहायला बसायची. एका हातानं लेकीला थोपटायचं, एका हातानं लिहायचं. ठमीनं कूस बदलली की थांबायचं. नवव्या सूचनेचं काम तिनं पायरी पायरीनं उलगडलं. एकही पायरी कुणाकडून उसनी घेतली नाही. रविवारी चारच्या सुमाराला खण भरला. फोनला खबर देणारी ओळ तिनं पुसून टाकली. आता तिथं दुसऱ्या कुणाला यायला जागाच नव्हती.

सोमवारी यंत्र चाललं. सशाच्या कानांखालचा हिरवा दिवा एकदाही अडखळला नाही. साडेचारला तिनं पर्स उचलली, साहेबांच्या दारासमोरून गेली, आणि आत पाहिलंही नाही. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे. हे पाच तिचे होते.

पाळणाघराच्या दाराशी ती दहा मिनिटं आधीच पोचली आणि रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून उभी राहिली. यायचं तर ये, असं मनात म्हणत. कुणी आलं नाही.

पाच वाजता दार उघडलं. ठमी बाहेर आली. तिनं आईकडे पाहिलं, मग वाकून आईच्या मागे पाहिलं. रिकाम्या वळणाकडे. मग निमूट हात दिला.

ताईंनी रजिस्टर पुढे केलं. तिनं सही केली.

"आज सही जरा वेगळी झाली तुमची," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज सहजच होता.

तिनं मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. मागच्या आठवड्यातला गुरुवार, जेव्हा ती स्वतः आली होती. ठमीला पहिल्यांदा आणलं तो दिवस, जेव्हा तिचं पेन गळलं होतं. शाईचा डाग तिथंच होता. डागाशेजारी सही होती. सगळीकडे एकच सही, नीटस, शेवटी एक बारीक टिंब देऊन संपवलेली.

ती सहीच्या शेवटी टिंब देत नाही. कधीच दिलेलं नव्हतं.

ताई वाट बघत होत्या. ठमीचा हात तिच्या हातात घामेजला होता.

तिनं पेन पुन्हा उचललं आणि आपल्या सहीवरून पुन्हा तीच सही गिरवली, कागदाच्या पलीकडे उमटेल इतकी दाबून.

"ही माझी सही," ती म्हणाली. "यापुढे हीच."

घरी आल्यावर ती ठमीसमोर गुडघ्यांवर बसली. खिडकीशी सासरे वाचत होते. तिनं पहिलं बटण काढलं.

पर्समध्ये फोन थरथरला.

तिनं फोन बाहेर काढला. खबर नव्हती, निरोप नव्हता, काहीच नव्हतं. तिनं तो पूर्ण बंद केला, पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं, आणि फळीवर पालथा ठेवला.

दुसरं बटण. फळी थरथरली.

तिसरं.

"आई," ठमी म्हणाली, "तू किती हळू काढतेस गं आज."

तिची बोटं थांबली. ठमी वाट बघत होती. तक्रार न करता, थांबवलेल्या प्रोग्रॅमसारखी जागच्या जागी, जितका वेळ लागेल तितका.

"हळू तर हळू," ती म्हणाली. "पण मीच काढणार."

चौथं. पाचवं. मग डावा बूट.

"सूनबाई," खिडकीतून सासऱ्यांनी विचारलं, "आज परत जायचं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "आता मी कुठेही जाणार नाही."

तिनं उजवा बूट काढला आणि डाव्याशेजारी नीट लावून ठेवला, टाचा भिंतीला. फळीवरचा बंद फोन सातव्यांदा थरथरला.